कागद गाळणारी फट

कसबा पेठेतला कागदीपुरा पुणेकरांना नावाने तरी माहीत असतो. जुन्नरहून पुण्यात आलेले कागदी इथे वस्ती करून राहिले आणि हाताने कागद करू लागले. जुनी तागाची पोती हा त्यांचा कच्चा माल. पोती बारीक तोडायची, चुन्याच्या पाण्यात मुरवायची, कुटायची, धुवायची आणि पुन्हा कुटायची. असा तयार झालेला लगदा शेवटी हौदातल्या पाण्यात कालवला जाई. कागदी हौदाच्या काठाशी बसे, लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची चटई अंथरी, चौकट दोन्ही हातांनी लगद्यात बुडवी आणि हलकेच हिंदकळत आडवी वर काढी. काड्यांमधून पाणी निथळून जाई, तंतू वर राहत. व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांना हा टिकाऊ कागद हवा असे.

ती चटई नीट पाहण्यासारखी असते. बारीक, सरळ काड्या एकमेकींना समांतर ठेवून घोड्याच्या केसाने शिवलेल्या असतात आणि दर दोन काड्यांमध्ये एक फट असते. आजच्या कागद गिरणीत लगदा गाळणारे जे सगळ्यात नाजूक यंत्र असते, त्याचा गाभाही हाच आहे. गवताच्या काड्यांऐवजी तिथे स्टेनलेस स्टीलच्या सळ्या असतात आणि त्या उभ्या लावून नळकांडे केलेले असते. गिरणीत त्याला बास्केट म्हणतात. काम मात्र नेमके उलटे. कागद्याच्या चटईवर तंतूने थांबायचे आणि पाण्याने जायचे. बास्केटमध्ये तंतूने पाण्याबरोबर फटीतून पलीकडे जायचे आणि कचऱ्याने मागे राहायचे. या यंत्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट मला हीच वाटते. समांतर सळ्यांमधली तशीच फट एके ठिकाणी तंतूला धरते आणि दुसरीकडे सोडून देते, हे घडते तरी कसे?

आधी या यंत्राची गरज का पडते ते पाहू. यंत्राचा कागद पुण्याला नवा नाही. १८८०च्या दशकात मुंढव्याला कागदाची गिरणी उभी राहिली, तेव्हा महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासारखी माणसे स्वदेशी कारखान्यांसाठी धडपडत होती. चिंध्या, गवत, बांबू यांचा लगदा केला तरी त्यात गाठी आणि न शिजलेले तुकडे राहतातच, म्हणून गाळण्या तेव्हाही लागत. पण खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद आता मुख्यतः रद्दीपासून होतो आणि रद्दीत काय काय येते याला सुमार नाही. पुण्यात ही रद्दी गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्यातूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि या बायाबापड्या घरोघरी कचरा घ्यायला येऊ लागल्या. त्यांच्या हातून निवडलेला पुठ्ठा आणि कागद भंगाराच्या दुकानांमार्गे गिरणीत पोचतो. गठ्ठा फुटला की आत स्टेपलरच्या पिना असतात, वाळू, थर्माकोलचे मणी, प्लास्टिकचे तुकडे, वहीच्या पाठीवरचा कडक डिंक आणि खोक्यावर चिकटवलेली टेप असते.

हे सगळे पल्परमध्ये पाण्यात घुसळले जाते. कागद सुटून तंतू होतात, बाकीचे होते तसे राहते. जड पिना आणि वाळू बऱ्याच अंशी भोवऱ्याच्या जोराने वेगळ्या काढता येतात. ज्यांची घनता जवळपास पाण्याइतकीच आहे, असे प्लास्टिक आणि डिंक मात्र तसे निघत नाहीत. त्यांना आकारानेच अडवावे लागते. त्यासाठी आधी गोल भोकांची बास्केट येते, एक ते तीन मिलीमीटरच्या भोकांची. ती मोठे, चपटे तुकडे अडवते. मग फटींची बास्केट येते, ती जाड, गोळीसारखे कण अडवते. बारीक कामाच्या बास्केटची फट साधारण ०.१० ते ०.२५ मिलीमीटर असते.

फटीची बास्केट म्हटली की पिठाची चाळण डोळ्यांपुढे येते आणि तिथेच फसगत होते. चाळणीत जे भोकापेक्षा मोठे ते वर राहते, लहान ते खाली पडते. इथे तसे नाही. बांबूचा तंतू सरासरी दोन-अडीच मिलीमीटर लांब, तर आपल्या देशी रद्दीतला बहुतेक तंतू त्याहून आखूड. जाडी मात्र जेमतेम १५ ते ४० मायक्रॉन, म्हणजे ०.०१५ ते ०.०४ मिलीमीटर. ०.१५ मिलीमीटरच्या फटीपेक्षा तंतू लांबीला दहापट मोठा आणि जाडीला कितीतरी लहान. तो आडवा आला तर अडकेल, टोक पुढे करून आला तर सहज निसटेल. तेव्हा तंतू जाणार की राहणार हे एकट्या फटीच्या मापावर ठरत नाही, तो फटीशी कसा येतो यावर ठरते. बास्केटची रचना म्हणजे तंतूला योग्य दिशेने फटीपाशी आणण्याची व्यवस्था, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

यातली पहिली गोष्ट सळीच्या रुंदीची. दोन सळ्या इतक्या जवळ असल्या की एका तंतूचे एक टोक या फटीत आणि दुसरे टोक शेजारच्या फटीत शिरू शकते, तर तंतू सळीवर खोगिरासारखा बसतो. त्याच्यावर दुसरा, तिसरा येतो आणि बघता बघता फटींवर लगद्याची साय धरते. म्हणून एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंतचे अंतर तंतूच्या लांबीपेक्षा जास्त ठेवावे लागते. सळ्या साधारण अडीच ते चार मिलीमीटर रुंद असतात, त्याचे हे एक कारण. कागद्याला हवे होते ते नेमके उलटे. त्याच्या काड्या बारीक असतात, लांब तंतू एकाच वेळी दोन-तीन काड्यांवर पूल टाकतो आणि म्हणूनच वर टिकतो. शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो आणि साच्यावर तंतूंची वीण धरते ती याच नियमाने. दोन फटींमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी ठेवले तर कागद होतो, जास्त ठेवले तर गाळणे होते. सुरुवातीच्या कोड्याचे अर्धे उत्तर इथे मिळते.

उरलेले अर्धे उत्तर प्रवाहात आहे. हौदातून चौकट वर काढताना पाणी सरळ खाली जाते, तंतू काड्यांवर आडवा पडतो आणि पडून राहतो. बास्केटमध्ये लगदा भिंतीला समांतर जोरात धावत असतो आणि फटीतून जाणाऱ्या पाण्याला अचानक काटकोनात वळावे लागते. हे पाणी भिंतीलगतच्या एका पातळ थरातूनच ओढले जाते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गुडिंग आणि केरेकेस या दोघांनी एका फटीपाशी वाहणाऱ्या तंतूंच्या हालचाली टिपल्या. त्यांचा १९८९ सालचा शोधनिबंध या विषयातला पाया मानला जातो. त्यांना दोन परिणाम दिसले. एक म्हणजे भिंतीलगतच्या त्या पातळ थरात तंतू मुळातच कमी असतात, कारण लांब तंतूला भिंतीला चिकटून वाहणे जमत नाही. दुसरे वळणावर घडते. तंतूचे डोके फटीत शिरते, पण शेपूट अजून मुख्य प्रवाहात असते. प्रवाह शेपटीला पुढे ओढतो आणि कित्येकदा आत शिरलेला तंतू उलटून बाहेर फेकला जातो. मऊ तंतू वळणावर वाकतो आणि निघून जातो, ताठ आणि लांब तंतू फेकला जाण्याचा संभव जास्त. कागदाला बळ देणारा लांब तंतूच कचऱ्याबरोबर मागे राहतो, हे बास्केट करणाऱ्याचे कायमचे दुखणे आहे.

यावरचा उपाय सळीच्या माथ्यात सापडला. सळीचा माथा सपाट न ठेवता तिरका ठेवला की फटीच्या तोंडाशी एक लहानसा भोवरा तयार होतो. तो तंतूंची जमू पाहणारी साय मोडतो आणि प्रवाहाचे वळण सौम्य करतो. हा उतार किती उंच असावा, यावर यंत्राचा स्वभाव ठरतो. साधारण अर्ध्या मिलीमीटरपासून एक-सव्वा मिलीमीटरपर्यंतच्या उंच्या वापरल्या जातात. उतार उंच असेल तर माल भराभर जातो, पण मागे राहायला हवा असलेला कचराही वळण घेऊन पलीकडे जाऊ लागतो. उतार कमी केला तर लगदा स्वच्छ निघतो, पण यंत्र लवकर चोंदते. दोन्ही एकदम मिळत नाही. या उतारामुळेच पूर्वीपेक्षा अरुंद फटी वापरणे गिरण्यांना परवडू लागले. माझ्या मते या यंत्रातली खरी कल्पकता फटीत नाही, या अर्ध्या-पाऊण मिलीमीटरच्या उतारात आहे.

आता एक हिशेब करून पाहू, म्हणजे आकड्यांचा अंदाज येईल. दिवसाला १०० टन तंतू गाळायचा आहे आणि लगद्यात तंतूचे प्रमाण १ टक्का आहे असे धरू. म्हणजे दिवसाला १०,००० टन पातळ लगदा, सेकंदाला सुमारे ११६ लिटर. फटीतून जाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर ठेवला, तर सगळ्या फटींचे मिळून उघडे क्षेत्र ०.११६ चौरस मीटर हवे. फट ०.१५ मिलीमीटरची असेल तर एकूण फटीची लांबी येते सुमारे ७७० मीटर. पाऊण किलोमीटरहून जास्त लांब आणि केसाच्या दीड-दोन पट रुंद, अशी ही फट झाली! सळी ३.२ मिलीमीटरची घेतली तर बास्केटच्या पृष्ठभागाचा अवघा साडेचार टक्के भाग उघडा असतो. ८०० मिलीमीटर व्यासाच्या आणि मीटरभर उंचीच्या बास्केटमध्ये अशा सुमारे ७५० फटी बसतात, म्हणजे हा माल एका बास्केटमध्ये जेमतेम मावतो. आणि या सगळ्या लांबीभर फट एकसारखी हवी. कुठे ती ०.१५ ऐवजी ०.२० झाली, की मापापेक्षा जाड कण नेमके त्याच वाटेने जाणार. म्हणून एक-दोन शतांश मिलीमीटरच्या फरकासाठी वर्कशॉपमध्ये जिवाचा आटापिटा चालतो आणि फिलर गेज घेऊन फट न् फट तपासली जाते.

सळीचा काटछेदही विचारपूर्वक ठरवलेला असतो. लगद्याच्या बाजूला रुंद आणि पलीकडे निमुळती, म्हणजे फट तोंडाशी सगळ्यात अरुंद आणि आत गेल्यावर पसरत जाणारी. एकदा तोंडातून शिरलेला तंतू पुढे कुठे अडकू नये, ही त्यामागची योजना. जुन्या काळी जाड पत्र्यात करवतीने फटी पाडत. स्वतंत्र सळ्या रांगेत लावून फट तयार करण्याची पद्धत आल्यावर उतार आणि काटछेद हवे तसे घडवता येऊ लागले. पण सळ्या धरून ठेवायच्या कशा, हा नवा प्रश्न आला. कड्यांवर वेल्डिंग करावे तर उष्णतेने धातू ओढला जातो आणि शतांश मिलीमीटरचा हिशेब बिघडतो. म्हणून एक युक्ती करतात. सपाट पट्टीत लेझरने किंवा वायरकटने खाचा पाडायच्या, त्यांत सळ्या सरकवायच्या आणि मग खाचा आतल्या अंगाला येतील अशी पट्टी गोल वाकवायची. वाकताना खाचांची तोंडे आवळतात आणि सळी घट्ट धरली जाते. त्यानंतर झीज रोखायला क्रोमचा कठीण मुलामा देतात. हा थर फटीच्या दोन्ही बाजूंनी चढतो, म्हणून थराच्या जाडीच्या दुपटीने फट आधी मोठी ठेवावी लागते. पुढे वाळूने क्रोम घासला गेला की उताराची धार बोथट होते. फट मोजावी तर फारशी बदललेली नसते आणि माल मात्र पुढे जात नाही, याचे कारण बहुधा ही झिजलेली धार असते.

बास्केटच्या आत रोटर फिरतो. त्याची पाती भिंतीच्या अगदी जवळून, पण तिला न शिवता जातात. पात्याच्या पुढच्या भागाने फटीवर दाब येतो आणि पाते पुढे गेले की मागे ओढ निर्माण होते. त्या क्षणी पाणी फटीतून उलटे आत येते आणि तोंडाशी जमलेले तंतू उचकटून टाकते. वरच्या हिशेबातल्या बास्केटमध्ये पात्याचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि पाती चार असतील, तर प्रत्येक फट सेकंदाला सुमारे २४ वेळा अशी धुतली जाते. दिवसाचे गणित केले तर प्रत्येक सळीला वीस लाखांहून जास्त हिसके बसतात. आधाराची कडी लांब लांब लावली तर सळी थरथरते आणि काही महिन्यांत जोडापाशी चीर जाते. रोटर जोरात फिरवला की यंत्र चोंदत नाही, पण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. वेग दहाच टक्क्यांनी कमी करता आला तरी या यंत्राची वीज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. अरुंद फट, बेताचा उतार आणि कमी वेगाचा रोटर यांचा मेळ बसवणे म्हणूनच महत्त्वाचे. नुसती फट लहान करून घेणाऱ्या गिरणीला यंत्र सारखे उघडावे लागते.

एवढे करूनही एका फेरीत काम होत नाही. फटीतून जाणाऱ्या पाण्यात तंतूचे प्रमाण फटीपाशी आलेल्या लगद्याच्या ८० टक्के आहे आणि कचऱ्याचे २० टक्के आहे, असे धरा. यंत्रात आलेल्या लगद्यापैकी एक पंचमांश भाग रिजेक्ट म्हणून बाहेर काढला, तर त्याबरोबर कचऱ्याचा सुमारे ७२ टक्के भाग जातो, पण चांगल्या तंतूचाही २८ टक्के भाग जातो. शिवाय रिजेक्ट आलेल्या लगद्यापेक्षा जवळजवळ १.४ पट दाट होते, आणि फार दाट झाले तर यंत्र बसते. एवढा तंतू फेकून कोणतीच गिरणी जगणार नाही. म्हणून रिजेक्ट पाणी घालून दुसऱ्या यंत्रात गाळतात, त्याचे रिजेक्ट तिसऱ्यात, आणि तिथून सुटलेला तंतू मागच्या टप्प्याला परत देतात. तिन्ही टप्प्यांत हेच आकडे धरले तर तंतूचे नुकसान तीन-चार टक्क्यांवर येते. पण परत येणाऱ्या लगद्याबरोबर कचराही परत येतो आणि एकूण निघालेला कचरा ७२ वरून ६३ टक्क्यांवर घसरतो. तंतू वाचवायचा तर थोडी घाण पदरात घ्यावी लागते. कुठे थांबायचे हे प्रत्येक गिरणी आपल्या कागदाचा भाव पाहून ठरवते.

ही यंत्रे आणि त्यांच्या बास्केट महाराष्ट्रातही होतात. छत्रपती संभाजीनगरची पॅरासन ही कंपनी लगदा तयार करण्याच्या यंत्रसामग्रीसाठी ओळखली जाते. त्याच शहराजवळ, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे आणि तिथेही हाताने कागद करण्याची परंपरा फार जुनी आहे.

एका शत्रूपुढे मात्र ही सगळी कारागिरी तोकडी पडते, तो म्हणजे टेपचा डिंक. पिन कडक असते, प्लास्टिकचा तुकडा निदान आपला आकार धरून राहतो. डिंक मऊ असतो. लगदा कोमट असला की तो आणखी सैल होतो आणि फटीपेक्षा मोठा कणसुद्धा दाबाने चेपून, लांबट होऊन ०.१५ मिलीमीटरमधून निसटतो. त्याला अडवायचे तर फटीतला वेग कमी करावा लागतो. वेग कमी म्हणजे जास्त फटी, मोठी बास्केट, जास्त खर्च. जो निसटतो तो पुढे कागद यंत्राच्या जाळीवर, फेल्टवर, सुकवण्याच्या गरम रुळांवर चिकटतो, कागदाला भोके पडतात आणि कधी चालता कागद तुटतो.

हा डिंक घरातच, लगदा होण्याआधी काढणे सगळ्यात सोपे आहे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे खोके रद्दीत टाकण्याआधी त्यावरची टेप ओढून काढा, पत्त्याचे चिकट लेबल फाडून वेगळे करा, कागद ओला होऊ देऊ नका आणि तो ओल्या कचऱ्यात मिसळू नका. दारात येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना कोरडा, स्वच्छ पुठ्ठा मिळाला तर त्यांना रद्दीचा भाव चांगला मिळतो आणि गिरणीच्या फटीवरचा भारही हलका होतो.